हातातली विद्या आणि परक्या देशातला कायमचा पत्ता

(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हाला 'परदेशातील संधी' असा विषय दिला तेव्हा प्रथम आम्हाला हसू आले. आम्ही बँकेतले कारकून. शिक्षण बी.ए., तेही मराठी वाङ्मय घेऊन. परदेश म्हणाल तर एकदा लुंबिनीला जाऊन आलो. त्यासाठी धावपळ करून पासपोर्ट काढला आणि सीमेवर गेल्यावर कळले की भारतीयाला नेपाळात जायला पासपोर्ट लागतच नाही. अशा माणसाने तुम्हाला परदेशाबद्दल काय सांगावे?

परंतु विहारातल्या त्या फॉर्म भरण्याच्या टेबलावर आम्ही गेली कित्येक वर्षे दर रविवारी बसतो. शिष्यवृत्तीचे अर्ज, जात पडताळणी, विधवा पेन्शन, पी.एफ.चे अडकलेले पैसे अशी कामे घेऊन माणसे येतात. त्यांतच अलीकडे परदेशी कामावर गेलेल्या मुलांचे कागद येऊ लागले. त्या कागदांतून जे शिकलो तेवढेच आज सांगणार आहोत.

परदेशी उच्च शिक्षणाबद्दल आज बोलणार नाही. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीची माहिती या विचारपीठावरून दरवर्षी दिली जाते आणि दिलीच पाहिजे. पण ती योजना विद्यापीठात जाणाऱ्यांसाठी आहे. आपल्या वस्तीतली कितीतरी मुले विद्यापीठात जात नाहीत, ती आय.टी.आय.ला जातात. जोडारी, वीजतंत्री, तारतंत्री, संधाता, नळ कारागीर. त्यांच्यासाठी मेळावा कोणी भरवीत नाही. घरात कोणी विचारले तर आई जरा दबल्या आवाजातच सांगते, "आय.टी.आय. करतो."

हा दबलेला आवाज कोठून आला, हे समजून घेतले पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला हाताची कामे जातीने लादली गेली. म्हणून १९५६ नंतर शिकलेल्या पहिल्या पिढीला खुर्ची, टेबल, पंखा यांची ओढ लागली. ती चुकीची नव्हती. आम्ही स्वतः त्याच ओढीने बँकेत शिरलो. पण बाबासाहेबांनी हाताच्या कामाकडे आणि कौशल्याकडे वेगवेगळ्या नजरेने पाहिले होते. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे, तो बाटेल म्हणून. पगार मात्र त्याच खात्यात जास्त होता. हा प्रश्न बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी मांडला. म्हणजे आपल्याला श्रम नाकारलेले नव्हते, कौशल्य नाकारलेले होते. पुढे १९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सरकारला दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी परदेशी शिक्षणाबरोबर तांत्रिक शिक्षणाची सोयही मागितली. या दोन मागण्यांपैकी पहिली आपण उचलली. दुसरी अर्धवट राहिली.

आता विषयाकडे वळतो. परदेशात कामाला जाणे म्हटले की आपल्याकडे आखाती देश डोळ्यांपुढे येतात. तेथे वीस वर्षे राबलात तरी सर्वसाधारण कामगाराला शेवटी बॅग भरून परत यायचेच आहे. नोकरीचा करार संपला की राहण्याचा हक्क संपला. ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा काही देशांत मात्र तात्पुरत्या कामाच्या परवान्यावरून कायम वास्तव्यापर्यंत जाता येते. आमच्या टेबलावर जे कागद आले ते कॅनडाचे, म्हणून कॅनडाबद्दल बोलतो.

एक गैरसमज आधी दूर करतो. "चार-पाच वर्षे राहिले की आपोआप होते" असे पुष्कळजण सांगतात. आपोआप काहीच होत नाही. तात्पुरता परवाना ही एक खोली आणि कायम वास्तव्य ही दुसरी खोली. मध्ये दार आहे, पण ते तुम्हालाच उघडावे लागते, आणि पहिल्या खोलीचे भाडे संपण्याच्या आत उघडावे लागते.

आपल्याच वस्तीतल्या एका मुलाची हकीकत सांगतो. नाव सांगत नाही. इथल्या अर्ध्या लोकांनी ओळखले असेलच. मुलाने आय.टी.आय.मधून वेल्डरचा कोर्स केला. तीन वर्षे बुटीबोरीला एका ठेकेदाराकडे काम केले. मग कुवेतला रिफायनरीच्या कामावर गेला, तेथे पाइपच्या वेल्डिंगमध्ये हात बसला. परत आला, लग्न झाले. त्यानंतर कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातील एका फॅब्रिकेशन वर्कशॉपचे बोलावणे आले.

आमचा संबंध आला तो त्याच्या आईमुळे. ती बाई आमच्या काउंटरवर मुदत ठेव मोडायला आली. नवऱ्याच्या निवृत्तीचे पैसे. कशाला मोडता विचारले तर म्हणाली, एजंटाला साडेसहा लाख द्यायचे आहेत, एक लाख देऊन झाले. बँकेच्या नियमाप्रमाणे ठेवीदाराने पैसे मागितले की द्यायचे, प्रश्न विचारायचे नाहीत. आम्ही विचारले. मुलाला रविवारी टेबलावर बोलाविले आणि कागद पाहिले.

त्यात एल.एम.आय.ए. नावाचा कागद होता. त्याचा अर्थ असा की कॅनडातला मालक आपल्या सरकारकडे अर्ज करून दाखवून देतो की या कामाला येथे माणूस मिळत नाही, म्हणून बाहेरून आणतो. त्या अर्जाची एक हजार डॉलर फी मालकानेच भरायची असते, ती कामगाराकडून वसूल करण्यास तेथे मनाई आहे. कामगार भरतीचा खर्चही कामगाराच्या माथी मारता येत नाही. एजंटाच्या यादीत पहिली रक्कम त्याच फीची होती, आणि ती फुगवून लावलेली होती. आम्ही मुलाला सांगितले, थेट त्या वर्कशॉपला ई-मेल लिही आणि विचार की तुम्ही आमच्याकडून पैसे मागितले आहेत काय. चार दिवसांनी उत्तर आले की आम्ही कोणाला एक डॉलरही मागायला सांगितलेला नाही. शेवटी व्हिसाची सरकारी फी, वैद्यकीय तपासणी आणि तिकीट एवढ्यात तो २०२२ च्या एप्रिलमध्ये गेला. दिलेले एक लाख मात्र परत मिळाले नाहीत. एजंटाने ऑफिसची जागा बदलली.

येथे दोन गोष्टी लिहून घ्या. आपल्या देशातून परदेशी कामावर माणसे पाठविणाऱ्याची १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. आणि कॅनडाच्या स्थलांतराच्या अर्जाबद्दल पैसे घेऊन सल्ला देण्याचा अधिकार फक्त तेथल्या वकिलांना व वकील संघटनेचे सदस्य असलेल्या पॅरालीगलना, क्वेबेकच्या नोटरींना आणि तेथल्या सल्लागार महाविद्यालयाकडे नोंदलेल्या सल्लागारांना आहे. दोन्ही नोंदी इंटरनेटवर कोणालाही पाहता येतात. बोर्डावर मेपलचे पान रंगविले म्हणजे नोंदणी झाली असे नाही.

मुलाला मिळालेला परवाना बंद स्वरूपाचा होता. त्यावर मालकाचे नाव, कामाचा प्रकार आणि ठिकाण छापलेले असते. दुसऱ्या वर्कशॉपने दुप्पट मजुरी देऊ केली तरी नवा परवाना आल्याशिवाय जाता येत नाही. चांगला मालक असला तर ठीक. वाईट असला तर हा कागद गळ्यातला दोर होतो. छळ होत असेल, मजुरी दाबली जात असेल, तर २०१९ पासून अशा कामगारास खुला परवाना मागण्याची तरतूद आहे. तिच्यासाठी पुरावा लागतो. म्हणून मजुरीच्या पावत्या, कामाच्या तासांची वही, मालकाचे निरोप हे सर्व जपून ठेवायला आम्ही त्याला पहिल्याच दिवशी सांगितले. सुदैवाने त्याचा मालक बरा निघाला.

आता त्या दाराकडे येऊ. कारागिराला कायम वास्तव्याकडे जाण्याच्या मुख्य वाटा तीन. कुशल कारागिरांसाठी केंद्र सरकारची खास योजना २०१३ साली सुरू झाली. तिला शाळा-कॉलेजची अट नाही, हे विशेष. मागील पाच वर्षांत त्या धंद्याचा दोन वर्षांचा पूर्ण वेळ अनुभव, इंग्रजी किंवा फ्रेंचची ठरावीक पातळी, आणि एक तर किमान एक वर्षाच्या नोकरीचे पत्र किंवा तेथल्या प्रांताचे कारागिरीचे प्रमाणपत्र. दुसरी वाट कॅनडातच एक वर्ष कुशल काम केलेल्यांची. तिसरी वाट प्रांताने नामांकन देण्याची. पहिल्या दोन वाटांवर २०१५ पासून गुणांची स्पर्धा आहे. वय, शिक्षण, भाषा, अनुभव यांचे गुण मोजतात आणि वरून माणसे उचलतात.

गुणांचा हा खेळ कारागिराला अवघड जातो, कारण पदवीचे गुण त्याच्याकडे नसतात. म्हणून २०२३ पासून कारागिरांसाठी वेगळी निवड होऊ लागली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये पहिल्या निवडीत ३८८ गुणांवर माणसे घेतली. आपल्याकडे लगेच बोलबाला झाला की कॅनडाने दार उघडले. २०२५ च्या सप्टेंबरमधल्या निवडीत तीच रेषा ५०५ वर गेली होती. शिवाय नोकरीच्या पत्राचे जे वाढीव गुण मिळत ते २०२५ च्या मार्चमध्ये काढून टाकले. तेव्हा कोणाच्या मावसभावाने २०२३ साली काय केले, हे ऐकून घर विकू नका. अर्ज भरण्याच्या दिवशी काय नियम आहे तो सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा. वयाचे गुणही तिशीनंतर दरवर्षी झिजतात आणि पंचेचाळीसला शून्य होतात. आमच्यासारख्याला त्या रकान्यात काही नाही, हे आम्ही स्वतःच्या नावाने चाचणी भरून पाहिले. घरी सांगितले नाही.

प्रांताच्या नामांकनाचेही दोन प्रकार. एक गुणांच्या यादीला जोडलेला, त्यात नामांकनाचे ६०० गुण मिळतात आणि काम फत्ते होते. दुसरा यादीबाहेरचा, सावकाश चालणारा, पण गुण कमी असणाऱ्याला उपयोगी. आमच्या मुलाने ही दुसरी वाट धरली. आता ती वाट चालताना त्याचे पाय कोठे कोठे अडकले ते सांगतो, कारण तुमचेही तेथेच अडकणार.

अनुभवाचा पुरावा ही पहिली अडचण. वेल्डरचे काम करायला अल्बर्टात प्रांताचे प्रमाणपत्र सक्तीचे आहे. ते मिळवायला जुन्या कामाचे तास सिद्ध करावे लागतात आणि परीक्षा द्यावी लागते. कुवेतच्या कंपनीचे पत्र होते, पण त्यात 'वर्तणूक चांगली' एवढेच. वर्तणूक चांगली असल्याचे तेथे कोणाला काही नाही. पद कोणते, नेमके काम काय, आठवड्याला किती तास, पगार किती, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, हे कंपनीच्या छापील कागदावर सहीनिशी लागते. त्या कंपनीला सहा वेळा लिहावे लागले. बुटीबोरीच्या ठेकेदाराची गोष्ट तर निराळीच. त्याने पहिली दीड वर्षे पगार रोख दिला, हजेरीपट ठेवला नाही. विचारायला गेलो तर म्हणाला, "कोण होता बुवा हा?" तीन वर्षे ज्याने त्याच्या छपराखाली डोळे जाळले तो मुलगा त्याला आठवेना. उरलेल्या दीड वर्षाचा पगार मात्र बँकेतून झाला होता. आम्ही शाखेत अर्ज करवून जुना खातेउतारा काढला. महिन्यामागून महिना ठेकेदाराच्या नावाने जमा झालेली रक्कम त्यात होती. पी.एफ.चीही नोंद सापडली. हे पुढे ठेवल्यावर ठेकेदाराची स्मरणशक्ती परत आली आणि पत्र मिळाले. पहिली दीड वर्षे मात्र गेली ती गेली. ती जगली होती, कागदावर नव्हती.

दुसरी अडचण परीक्षेची. कॅनडात बऱ्याच धंद्यांना 'रेड सील' नावाचा शिक्का आहे, तो असला की कारागिराचे प्रमाणपत्र प्रांताप्रांतांत चालते. लेखी परीक्षा असते, शंभर ते दीडशे प्रश्न, पर्यायी उत्तरांचे, आणि उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. मुलाचा हात असा की रिफायनरीच्या पाइपला त्याने दिलेला जोड एक्स-रेमध्ये निर्दोष ठरे. पण लेखी परीक्षेत तो पहिल्या खेपेस नापास झाला. आपल्या आय.टी.आय.त सर्व मापे मिलिमीटरमध्ये. तेथल्या वर्कशॉपमध्ये फूट-इंच आणि इंचाचे सोळावे भाग. नकाशावरची चिन्हे वेगळी, मानके वेगळी. वीजतंत्र्यांनीही हे लक्षात घ्यावे. आपल्याकडे घरात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ, तेथे १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, आणि वायरिंगची नियमावली पूर्णपणे त्यांची स्वतःची. हात तोच, पण व्याकरण नवे. त्याने आठ महिने रात्री अभ्यास केला आणि २०२३ च्या शरदात पास झाला.

तिसरी अडचण इंग्रजीची. तो बोलण्यात तयार झाला होता, मालकाशी विनोदही करी. आयेल्ट्स परीक्षेत लिखाणाला साडेचार आले. त्याच्या वाटेला पाच लागत होते. अर्ध्या गुणाने अडला. आमच्या बी.ए.चा उपयोग आयुष्यात कोणाला झाला असेल तर त्याला. दर शनिवारी रात्री तो दोन पत्रे लिहून मोबाइलवर पाठवी. घरमालकाला नळ गळतो म्हणून पत्र, मित्राला लग्नाला येता येत नाही म्हणून पत्र. आम्ही लाल शाईने दुरुस्त करून फोटो परत पाठवू. साधारण वीस पत्रांनंतर साडेपाच आले. विद्यार्थी मित्रहो, इंग्रजी लिखाण हे वेल्डिंगसारखेच आहे, बघून येत नाही.

तोवर २०२४ उजाडले. प्रांताकडे नामांकनाचा अर्ज गेला होता, पण दोन वर्षांचा परवाना एप्रिलमध्ये संपणार होता. मुदत संपण्याआधी वाढीचा अर्ज केला तर निर्णय लागेपर्यंत त्याच अटींवर काम करता येते. एक दिवस उशीर झाला तर काम थांबले. त्याने मार्चमध्ये अर्ज केला. येथपर्यंत सर्व रीतसर झाले. पण या सवलतीला एक बारीक अट आहे. निर्णय लागण्यापूर्वी देशाबाहेर गेलात तर ती सवलत तुटते. परत आत घेतले तरी नवा परवाना येईपर्यंत काम करता येत नाही, आणि आत घेतीलच याची हमी नाही.

जूनमध्ये त्याचे वडील वारले. रात्री दोन वाजता त्याचा फोन आला. त्याने एकच विचारले, "काका, येऊ का?"

आम्ही त्याला नियम सांगितला. नियम सांगितला म्हणजे काय, येऊ नको असेच सांगितले. त्याच्या बायकोचे आणि मुलीचे भवितव्य त्या अर्जात होते, ठेव मोडून दिलेले पैसे होते. तो आला नाही. जलदान विधी त्याने मोबाइलवर पाहिला, दोन वेळा चित्र अडकले. आम्ही तेथेच उभे होतो, मोबाइल धरून. सल्ला बरोबर होता की नव्हता हे आजही आम्ही ठरवू शकलेलो नाही. परवान्याचा निर्णय पुढे सतरा दिवसांत लागला. थोडा आधी लागला असता तर तो येऊन जाऊ शकला असता. टेबलावर बसून फॉर्म भरणे हे सोपे काम आहे असे आम्हाला पूर्वी वाटे.

म्हणून जाणाऱ्यांना सांगतो, हा काळ किती लांबतो आणि त्यात घरी काय घडू शकते, हे आईवडिलांसमोर बसून आधी बोलून घ्या. एजंट हे सांगत नाही, आणि मुलगाही सांगत नाही.

कुटुंबाच्या कागदांबद्दल थोडे. एजंटाने त्याला सल्ला दिला होता की अर्जात 'अविवाहित' लिही, काम लवकर होईल. हे विष आहे. कायम वास्तव्याच्या अर्जात जो पती, पत्नी किंवा मूल दाखविले नाही, त्याला पुढे कुटुंबीय म्हणून बोलावता येत नाही असा तेथला सर्वसाधारण नियम आहे, आणि खोटे लिहिल्याबद्दल वेगळी बंदी. आपल्यातले लग्न विहारात, भन्तेंच्या साक्षीने होते. त्याचे संस्थेने दिलेले प्रमाणपत्र आदराने भिंतीवर लावावे, पण तेवढ्यावर भागत नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात बौद्धही येतात आणि महाराष्ट्रात विवाह नोंदणीचा १९९८ चा कायदा आहे. महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत नोंदणी करून सरकारी दाखला घ्या. दुसरे, नावाचे. आपल्यातल्या अनेक घरांनी जातिवाचक आडनाव टाकून नवे घेतले. आजोबांचे एक, मुलाच्या टी.सी.वर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. बदल राजपत्रात छापलेला असेल तर तो अंक जपून ठेवा. नसेल तर आत्ताच करून घ्या. ज्या आडनावाचा त्याग अभिमानाने केला, त्याचाच खुलासा परदेशी कारकुनाला करीत बसणे बरे नव्हे.

जातीबद्दल तुम्ही विचारणार हे ठाऊक आहे. कॅनडाच्या अर्जात जातीचा रकाना नाही. पण जात नेणारी माणसे विमानात बसतात. हा मुलगा सुरुवातीला चार भारतीयांबरोबर एका घरात राहिला. तिसऱ्या दिवशी पूर्ण नाव विचारले गेले, पाचव्या दिवशी त्याचे ताट वेगळे झाले. त्याने खोली बदलली. तेथल्या समाजालाही हा प्रश्न हळूहळू कळतो आहे. टोरँटोच्या शालेय मंडळाने २०२३ च्या मार्चमध्ये जातिभेदाचा प्रश्न ठरावाद्वारे हाती घेतला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओंटॅरिओ प्रांताच्या मानवी हक्क आयोगाने जातीवरून होणारा भेदभाव हा प्रांताच्या मानवी हक्क कायद्यात बसतो अशी भूमिका जाहीर केली. आपल्या लोकांनी तेथे नेटाने लावून धरल्याचे हे फळ आहे.

प्रांताचे नामांकन त्याला २०२४ च्या शेवटी मिळाले. २०२५ सरता सरता त्याचे, बायकोचे आणि मुलीचे कायम वास्तव्य मंजूर झाले. आता तो कोणत्याही मालकाकडे, कोणत्याही प्रांतात काम करू शकतो. पासपोर्ट भारताचाच आहे. तेथे मत देता येत नाही. पाच वर्षांत किमान ७३० दिवस तेथे राहावे लागते, नाहीतर हा हक्क जाऊ शकतो.

त्याने पैसे पाठवायला सुरुवात केली तेव्हा आम्ही त्याला सिगालोवाद सुत्तातील कमाईची विभागणी सांगितली होती. एक भाग उपभोगाला, दोन भाग धंद्याला, चौथा संकटासाठी शिल्लक. बँकेत इतकी वर्षे काढूनही याहून चांगली योजना आम्ही पाहिलेली नाही. तसेच भगवंतांनी कोलिय कुळातील दीघजाणूला गृहस्थाच्या सुखाच्या चार गोष्टी सांगितल्या, त्यांत पहिली आहे उट्ठान संपदा. शेती असो, व्यापार असो की एखादे शिल्प, आपल्या कामात निपुण असणे. ही गोष्ट आय.टी.आय.च्या दारावर लिहावी अशी आहे.

जे आज आय.टी.आय.त आहेत त्यांनी परदेशी जायचे असो वा नसो, उद्यापासून एवढे करावे. पगार रोख घेऊ नये, खात्यावरच घ्यावा. पी.एफ.चा क्रमांक मिळाल्याशिवाय पहिला महिना संपू देऊ नये. नोकरी सोडताना तास आणि कामाचे स्वरूप लिहिलेले पत्र त्याच दिवशी मागावे, कारण ठेकेदारांना विसरण्याचा आजार असतो. आणि रविवारी दहा ते एक आम्ही टेबलावर असतो, फी नाही.

त्या मुलाच्या आईचा अर्ज सध्या आमच्याकडे आहे. आईवडिलांना तेथे कायमचे बोलावण्याच्या योजनेत जागा थोड्या, म्हणून 'सुपर व्हिसा'चा अर्ज. त्यावर एका खेपेस पाच वर्षांपर्यंत राहता येते. विम्याचे कागद मुलाने पाठविले आहेत. सर्व रकाने भरले, सही तेवढी राहिली आहे. दर महिन्याला पासबुक भरायला ती येते तेव्हा आम्ही आठवण देतो. मागच्या खेपेस तिने विचारले, "भाऊ, तिथं विहार हाय का?" मुलाला विचारून सांगतो म्हटले. त्याचे उत्तर आले आहे, की त्याच्या गावी नाही, पण महिन्यातून एका रविवारी पाच-सहा घरची माणसे एकाच्या तळघरात जमून वंदना घेतात. हे तिला सांगायचे आहे. येत्या पाच तारखेला ती येईल.

जयभीम.